मीठ किती, पाणी कुठलं?



मागच्या जानेवारीतली गोष्ट. रात्रीचे दोन वाजले होते आणि आमचा अकरा महिन्यांचा नातू नाक चोंदल्यामुळे झोपेना. दूध प्यायला तोंड लावायचा, दोन घोट घेतले की श्वास कोंडायचा, सोडून रडायचा. तान्ही मुलं बहुतेक श्वास नाकानंच घेतात, त्यामुळे नाक बंद म्हणजे त्यांचं जेवणही बंद. रावेतला राहणाऱ्यांना हिवाळ्यातली धूळ वेगळी सांगायला नको. चारी बाजूंनी इमारती उठतायत, काँक्रीटच्या गाड्या दिवसरात्र, वर हायवे.

मी स्वयंपाकघरात जाऊन वाटीत कोमट पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि कापसाची वात घेऊन आले. सूनबाई पलंगावरून उठून मध्ये उभी राहिली. तिच्या हातात डॉक्टरांनी दिलेली सलाईनच्या थेंबांची बाटली होती. "आई, मीठ किती घातलंत? पाणी कुठलं घेतलंत?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. तीन पोरं वाढवलेल्या बाईला मीठ किती म्हणून विचारायचं? "मीठपाण्याला कशाला पैसे घालवायचे," असं मी बोलूनही गेले. तिनं उत्तर दिलं नाही. बाळाच्या दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब घातले, थोडं थांबली, मऊ कापडानं पुसलं. वीस मिनिटांत पोरगं दूध पिऊन झोपलं. मी मात्र जागीच. तिच्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. मीठ "चिमूटभर" होतं, आणि पाणी गीझरचं.

मी डॉक्टर नाही, बी.कॉम. आहे, तेही १९८१ सालचं, सांगलीचं. पण हिशेब लागला नाही की मला चैन पडत नाही. म्हणून पुढचे काही महिने या मीठपाण्याचा मागोवा घेतला. तो असा.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. आमच्या आज्जीकडे चोंदलेल्या नाकावर तीन उपाय होते : ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगायला द्यायची, छातीला तेल चोळायचं आणि नाकात कोमट तेलाचा किंवा तुपाचा थेंब. यातला तिसरा उपाय तान्ह्या बाळाला कुणी करू नका. तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरलं तर तिथे सूज येते, आणि ती लवकर बरी होत नाही. आयुर्वेदात नस्य आहे, चरकसंहितेत अणुतेलाची कृती आहे, पण ते मोठ्यांचं आणि वैद्याच्या देखरेखीखालचं. घरातल्या बाया त्यातला फक्त थेंब लक्षात ठेवतात, देखरेख विसरतात.

मीठपाणी आज्जीकडे फक्त गुळण्यांना. नाकात मीठपाणी घालायचं हे मी पहिल्यांदा चिंचवडला ऐकलं, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. त्याला कारण माझंच एक दुखणं होतं.

१९८९-९० च्या सुमारास मला हिवाळ्यात नाक बंद होण्याचा त्रास सुरू झाला. दुकानातून नाक मोकळं करणारे थेंब आणले, ते ऑक्सिमेटाझोलिनच्या जातीतले. काय सांगू, अर्ध्या मिनिटात नाक मोकळं! पण चार तासांनी पुन्हा बंद, आणि आधीपेक्षा घट्ट. मग पुन्हा थेंब. असे मी तीन हिवाळे काढले. शेवटी तर पर्समध्ये एक बाटली, उशाखाली एक आणि देवघराच्या कपाटात एक. सामायिकाला बसतानाही आधी थेंब. हे हसायचे, "तुझी चौथी संध्या," म्हणायचे. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी बाटली बघितली आणि म्हणाले, "बाई, तुमची सर्दी कधीच बरी झालीय. आता जे चोंदतंय ते या थेंबांमुळे." हे थेंब नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसून टाकतात. चार-पाच दिवसांच्या पुढे वापरले की औषधाचा अंमल उतरताच त्या रक्तवाहिन्या दुप्पट फुगतात. लहान मुलांना तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय ते द्यायचेच नसतात. त्यांनी बाटली बंद करायला सांगितली आणि मीठपाण्यानं नाक धुवा म्हणाले. "जलनेती शिका कुणाकडून तरी."

शिकले. आमच्या कॉलनीत सकाळी योगवर्ग चालायचा. तिथल्या बाईंनी पितळेचा नळीचा तांब्या दिला. मान तिरकी, तोंडानं श्वास, एका नाकपुडीतून पाणी घालायचं, दुसरीतून बाहेर. पहिल्या दिवशी डोक्यापर्यंत झणझणलं, कारण मीठ घालायलाच विसरले होते. आठ-दहा दिवसांत सवय झाली आणि महिन्याभरात थेंबांच्या तिन्ही बाटल्या कचऱ्यात गेल्या. बाई म्हणायच्या, ही हजारो वर्षांची ऋषिमुनींची विद्या आहे. मी मान डोलवायची.

आता इतक्या वर्षांनी शोधायला बसले तर पहिला धागा आपल्याच लोकलच्या मार्गावर सापडला. आकुर्डी स्टेशनवरून लोणावळा लोकल पकडली की तासाभरात शेवटचं स्टेशन. तिथे कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी ते १९२४ मध्ये सुरू केलं. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले, नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले, अमळनेरला राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्य होते. या माणसाचा स्वभाव मला फार आवडला. योगाबद्दल जे बोललं जातं ते मोजून बघायचं, हा त्यांचा ध्यास. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं हे त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांखाली तपासून घेतलं. नौलीत आतड्यात जी पोकळी तयार होते तिचा दाब मोजला आणि गुरूंच्या स्मरणार्थ तिला माधवदास पोकळी असं नाव दिलं. कैवल्यधाम निघालं त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही काढलं आणि त्यात हे प्रयोग छापले. शंभर वर्षांपूर्वी! तेव्हा योगी म्हटलं की लोकांना जटा आणि चमत्कार आठवायचे.

त्याच संस्थेनं जुने योगग्रंथही हस्तलिखितं ताडून छापले. हठप्रदीपिका १९७० मध्ये, स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादलेली. (दिगंबरजी नाव वाचून मला क्षणभर आपले मुनिमहाराज वाटले.) त्यानंतर घेरंडसंहिता, दिगंबरजी आणि डॉ. म. ल. घरोटे यांची.

आता गंमत बघा. हठप्रदीपिकेत नेती आहे, पण ती सुताची. वीतभर लांबीचा मऊ दोरा नाकातून आत सरकवायचा आणि तोंडातून बाहेर काढायचा. तांब्या नाही, मीठ नाही, पाणीसुद्धा नाही. घेरंडसंहितेतली नेतीही दोऱ्याचीच. पाणी त्याच ग्रंथात आहे, पण वेगळ्या नावाखाली, कपालभातीत : व्युत्क्रम म्हणजे नाकानं पाणी ओढून तोंडानं सोडायचं, शीत्क्रम म्हणजे तोंडानं घेऊन नाकानं. शिवाय आयुर्वेदाच्या मध्ययुगीन ग्रंथांत उषःपान आहे, पहाटे नाकानं पाणी पिणं. म्हणजे नाक पाण्यानं धुण्याची कल्पना जुनी, खरीच. पण आमच्या योगवर्गातली नळीच्या तांब्याची खारट नेती जशीच्या तशी त्या श्लोकांत नाही. शिकवणाऱ्यांनी दोऱ्याचं नाव आणि पाण्याची क्रिया एकत्र आणली, वर मीठ घातलं. यात मला कमीपणा काहीच वाटत नाही. आपल्या लोणच्यातली मिरचीसुद्धा पोर्तुगीजांबरोबर आलेली, म्हणून लोणचं आपलं नाही का?

मग मीठ किती, याचा आकडा कुठून आला? तो आला हॉलंडहून. १८९० च्या दशकात हार्तोख हाम्बुर्गर नावाचा डच शास्त्रज्ञ रक्तातल्या तांबड्या पेशींवर काम करत होता. साध्या पाण्यात टाकल्या तर पेशी फुगून फुटतात, फार खारट पाण्यात टाकल्या तर सुरकुततात. माणसाच्या रक्ताशी जुळणारा खारटपणा त्यानं शोधला : ०.९ टक्के. दवाखान्यात हाताला लावतात ती सलाईनची बाटली हीच. डोळ्यातल्या पाण्याचा खारटपणाही साधारण तेवढाच, म्हणून रडताना डोळे चुरचुरत नाहीत. आणि माझी पहिली नेती डोक्यात का गेली तेही इथे समजलं. नाकाच्या आतल्या त्वचेला साधं पाणी झोंबतं, जुळतं खारट पाणी झोंबत नाही. त्या त्वचेवर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते शेंबडाचा पातळ थर मिनिटाला काही मिलिमीटर असा घशाकडे ढकलत असतात. शेंबूड घट्ट झाला की हे काम अडतं. मीठपाणी तो पातळ करतं, बाकी काम तंतूच करतात.

०.९ टक्के म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. पाव लिटरच्या तांब्याला सव्वादोन ग्रॅम. मी नातसुनेला दाखवायच्या दागिन्यांइतक्या काळजीनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझी चिमूट तोलली. पाच वेळा तोलली आणि पाच वेगळे आकडे आले, सगळ्यात मोठा सगळ्यात लहान आकड्याच्या दुपटीहून जास्त. चमचाही तसाच फसवा. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा सहा ग्रॅमच्या आसपास भरतो, खडेमीठ त्यापेक्षा कमी. म्हणून आता मी तोलून घेते. आयोडीन नसलेलं, शुद्ध मीठ.

सूनबाईच्या बाटलीवरचं लेबलही वाचलं. ०.६५ टक्के मीठ, २० मिलिलिटर. म्हणजे बाटलीत मीठ ०.१३ ग्रॅम. एक किलो मिठात अशा ७,६९२ बाटल्या होतात! हा हिशेब मी विजयी मुद्रेनं तिला दाखवला. ती म्हणाली, "आई, पैसे मिठाचे नाहीत. निर्जंतुक पाण्याचे आणि सीलबंद बाटलीचे आहेत." आणि इथे माझी गाडी अडली.

पाण्याकडे येण्याआधी एक आठवण आमच्या पिंपरीची. इथून जवळच एच.ए. कंपनी आहे, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये स्थापन झालेली, पेनिसिलिन बनवणारी, सरकारी क्षेत्रातली देशातली पहिली औषध कंपनी. आमच्या चिंचवडच्या शेजाऱ्यांत तिथे कामाला असलेले काही जण होते. त्यांचा अभिमान रास्त होता. पण त्या अभिमानातून एक सवय लागली, पोराला शिंक आली की अँटिबायोटिक. सर्दी विषाणूंची असते, पेनिसिलिन जिवाणूंवर चालतं. ते सर्दीला काही करत नाही. मीही माझ्या पोरांना त्या गोळ्या दिल्यात.

आता पाणी. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन जण मेंदूच्या एका दुर्मीळ आजारानं गेले. दोघंही वेगवेगळ्या गावचे, दोघंही जलनेती करणारे, दोघांनीही नळाचं पाणी वापरलेलं. त्यांच्या घरच्या नळांच्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा सापडला. कोमट, गोड्या पाण्यात तो राहतो. गिळला तर काही होत नाही. नाकातून वर चढला तर वासाच्या नसेवाटे मेंदूत जातो, आणि मग वाचणारे अगदी थोडे. कराचीत वुजू करताना नळाचं पाणी नाकात ओढलं गेल्यानं असेच मृत्यू झालेत. केरळातही अलीकडे रुग्ण सापडलेत. आजार फार दुर्मीळ आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण टाळणं सोपं आहे : नाकात घालायचं पाणी एक मिनिटभर खळखळून उकळलेलं आणि निवलेलं हवं, किंवा निर्जंतुक बाटलीतलं.

हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण आमच्या घरात पिण्याचं पाणी उकळल्याशिवाय आम्ही कधी प्यालोच नाही. आज्जी विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायची, मग ते कापड उलटं करून, वर राहिलेली जिवाणी हलक्या हातानं पुन्हा त्याच विहिरीत सोडायची. कापडावरचे सूक्ष्म जीव त्यांच्या घरी परत गेले पाहिजेत म्हणून. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं, उकळून प्रासुक केलेल्या पाण्याची २४ तास, मग पुन्हा नवं. लग्न होऊन आले तरी हा नेम मी सोडला नाही. पवनेचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललं जातं आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन येतं, तरीही पिण्यासाठी मी उकळतेच. आणि नेतीसाठी? पंचवीस वर्षं गीझरचं कोमट पाणी! कारण नेमात "पिण्याचं" असं होतं, नाकाचं कुणी सांगितलं नव्हतं. जिथे गिळून काही बिघडत नव्हतं तिथे उकळलेलं, आणि जिथे धोका होता तिथे नळाचं. त्या रात्री वाटीत तेच पाणी होतं, नातवासाठी.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण आपल्या व्हॉट्सअॅप गटांत लगेच फिरायला लागेल की जैनांना अमीबा हजारो वर्षांपूर्वी माहीत होता. तसं नाही हो. आज्जी पाणी गाळायची ती पाण्यातल्या जीवांसाठी, आपल्या नाकासाठी नाही. पाणी उकळतानाही तिच्या मनात टोचणी असायची, कारण उकळण्यात अप्काय जीव मरतात. पण न उकळलं तर त्यात क्षणोक्षणी जीव उपजत आणि मरत राहतात, म्हणून एकदाच थोडी हिंसा आणि पुढची थांबवायची, असं ती सांगायची. अमीबा हाही जीवच. तो नातवाच्या नाकात जाऊ नये म्हणून मी आज पातेलं गॅसवर ठेवते, तेव्हा माझा हेतू आज्जीसारखा निर्मळ नसतो, हे मला ठाऊक आहे. प्रतिक्रमणात ते म्हणते.

शेवटचा धागा स्कॉटलंडचा, आणि हा ऐकून सूनबाईलाही हसू आलं. एडिंबरा विद्यापीठाच्या प्रा. स्टीव्ह कनिंगहॅम यांच्या चमूनं सहा वर्षांपर्यंतच्या ४०७ मुलांवर एक अभ्यास केला आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत मांडला. काही पालकांना समुद्री मीठ दिलं आणि नाकाचे थेंब घरीच बनवायला शिकवलं, २.६ टक्क्यांचे, म्हणजे अश्रूंपेक्षा जवळजवळ तिप्पट खारट. सर्दी झाली की प्रत्येक नाकपुडीत तीन थेंब, दिवसातून निदान चार वेळा. ज्या मुलांना थेंब मिळाले त्यांची सर्दी सरासरी सहा दिवसांत गेली, बाकीच्यांची आठ दिवसांत. त्यांच्या घरातल्या माणसांनाही सर्दी कमी लागली. मिठातलं क्लोराइड वापरून पेशी आतल्या आत विषाणूविरोधी आम्ल तयार करतात, असं त्यांचं म्हणणं आहे. दोन दिवस म्हणजे काही चमत्कार नाही. पण तान्हं मूल घरात असलेल्या बाईला दोन रात्रींची किंमत विचारा.

मी ते सूनबाईला वाचून दाखवलं. "बघ, घरी बनवलेलं मीठपाणीच की." ती म्हणाली, "हो, पण त्यांनी तोलून मापून शिकवलं होतं." हेही खरं. शेवटी आमचं असं ठरलं : बाळाला सीलबंद बाटली, डॉक्टरांनी सांगितलेली, उघडल्याची तारीख वर लिहून. बाळाला ताप असेल, छाती आत ओढली जात असेल, दूध अजिबात जात नसेल, तर थेंब घालत बसायचं नाही, सरळ दवाखाना. आणि माझ्या नेतीला उकळून निवलेलं पाणी, पाव लिटरला सव्वादोन ग्रॅम. तांब्याही उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात पालथा.

आता ओट्यावर दोन स्टीलची पातेली असतात, एक पिण्याचं, एक नाकाचं. दोन्हींवर मी डॉक्टर टेपची पट्टी लावून उकळल्याची वेळ लिहिते. परवा मुलगा ऑफिसहून आला आणि चुकून नाकाचं पाणी प्याला. "आई, पाणी खारट का लागतंय?" म्हणाला. सूनबाई आणि मी एकाच वेळी म्हणालो, "सव्वादोन ग्रॅम."